बयनाबाईचे दहा दिवस

साप निघाला तर बयनाबाई काठी घेऊन सगळ्यांच्या पुढं असायची. पण गल्लीत कुत्र्याचं साधं पिल्लू भुंकलं की ही दार लावून घ्यायची! हसण्यासारखी गोष्ट नव्हती ती. लहानपणी तिच्या धाकट्या भावाला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. बाजेला बांधलेलं ते पोरगं पाण्याचा गडवा दिसला तरी कसं किंचाळायचं, हे तिनं दाराच्या फटीतून पाहिलेलं. तिसऱ्या दिवशी ते गेलं.

अशा बाईच्या नवऱ्यानं कुत्रं पाळावं, आता काय बोलावं! पण उद्धवरावांनी पाळलं. आदिलाबादकडं, बेल्याजवळच्या त्या खेड्यात माघापर्यंत घराघरात कापूस भरलेला असायचा आणि चोरांचं भय असायचं. मग गावच्या रीतीप्रमाणं पिल्लाचा कान कापला, दिवसभर त्याला अंधाऱ्या कोठीत बांधलं, आणि धन्याशिवाय कोणी भाकर टाकायची नाही असा नियम केला. अशानं कुत्रं कडक होतं म्हणतात. झालं की कडक! दोन वर्षांत भुऱ्या असा झाला की उद्धवराव सोडून जगात कोणी त्याचं नव्हतं. दिवसा कधी सुटला तेव्हा पोस्टमनचं धोतर फाडलं, कोंबड्या मारल्या, शेजारच्या द्वारकाबाईच्या लुगड्याला लोंबकळला. अठ्ठ्याऐंशी सालच्या संक्रांतीनंतर गावची चार माणसं दारात येऊन सांगून गेली, "एक तर कुत्रं सुधरवा, नाई तर आमी काठ्या घेऊन येतो."

उद्धवराव हसले. "कुत्रं हाय, भुंकणारच," म्हणाले. मारू द्यायचं नाही आणि सुधरवायचंही नाही, असा सगळा कारभार. अंगणातून मोरीपर्यंत जायचं तर जीव मुठीत धरावा लागायचा तो बयनाबाईला, त्यांना नाही. म्हणून मदत शोधायला तीच निघाली.

आधी जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारलं. तो म्हणाला, "बाई, बैलाचं काही असलं तर सांगा." मग एका भगतानं तावीज दिला, कुत्र्याच्या गळ्यात बांधा म्हणाला. बांधणार कोण, त्याचा बाप? तो तावीज तीन आठवडे फळीवर पडून राहिला. शेवटी कोणीतरी दादाजी धनगराचं नाव सांगितलं. गावाबाहेरच्या एका वावरात त्यानं खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या, आणि त्याची कुत्री कोकरांना चाटत बसायची म्हणे.

दादाजी आला. दुरूनच भुऱ्याकडं पाहत त्यानं दोन प्रश्न विचारले.

"याले भाकर कोण टाकते?"

"हे टाकतात."

"अन् कान कोणं कापला?"

"यायनंच."

"मंग कुत्र्यानं करावं तरी काय? जो मारते तोच चारते, बाकी सारे चोर." दादाजीनं भुऱ्याला कोठीतून काढून अंगणातल्या कडुलिंबाला साखळीनं बांधायला लावलं. "उजेडात राहू द्या. माणसं पाहू द्या. अन् बाई, उद्यापासून तुमी चारा. हातानं."

"माय वं!" बयनाबाई म्हणाली. "मी नाई बापा."

पण दुसरा उपाय कोणाकडं होता? पहिले दोन दिवस तिनं लांबून तुकडे फेकले. तिसऱ्या दिवशी दादाजी शेजारी उभा राहिला तेव्हा तिनं तुकडा बोटात धरून हात पुढं केला. भुऱ्यानं तोंड उघडलं मात्र, ते दात दिसले आणि तिनं हात झटकन मागं ओढला. त्यानं भाकरीसोबत हातही धरला. तळव्यातून रक्ताची धार लागली.

आदिलाबादच्या डॉक्टरनं जखम साबणानं धुवून घेतली आणि कुत्रं कोणाचं ते विचारलं. घरचं आहे, साखळीला आहे, हे ऐकल्यावर तो म्हणाला, "मग दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा, पिसाळलेलं असेल तर तेवढ्यात कळेल. खाणं-पाणी सोडलं, मेलं, पळालं, तर त्याच दिवशी इकडे या. चौदा सुया, पोटात. त्या सुयांनीही कधी कधी माणूस लुळा पडतो, म्हणून उगाच टोचत नाही मी."

संध्याकाळी परतली तर अंगणात काठ्या घेतलेली माणसं उभी. द्वारकाबाई सगळ्यांच्या पुढं. आणि काल-परवापर्यंत जिनं ह्या कुत्र्याच्या मरणाचे नवस केले असते, ती बयनाबाई भुऱ्यासमोर आडवी झाली.

"हात लावू नका त्याले! तो मेला त मले काय झालं ते मले कसं समजन?"

माणसं गेली. मग सुरू झाले ते दहा दिवस. कोणी विष टाकेल म्हणून बयनाबाईनं ओट्यावरून हलायचं सोडलं. स्वयंपाक तिथंच, निवडणं-टिपणंही तिथंच. भाकर तीच टाकायची, कारण दुसऱ्याच्या हातावर तिचा विश्वास उरला नव्हता. आणि पाणी! भुऱ्या पाण्याशी गेला की ती हातातलं काम खाली ठेवायची. लप लप आवाज आला की ती बोट मोडायची: एक दिवस गेला. स्वतः पाणी प्यायच्या आधी तिला गडव्याकडं पाहवायचं नाही. घसा जरा कोरडा पडला की वाटायचं, झालं, लागलं आपल्याला. उद्धवराव आता हसत नव्हते. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसून सुपारी कातरत राहायचे, आणि कातरलेली खायचीही विसरायचे.

सहाव्या दिवशी भुऱ्यानं तिच्या हातातून भाकर घेतली. आठव्या दिवशी ती आली की शेपटी हलवू लागला. तिला त्याचं काही कौतुक नव्हतं. तिला फक्त दोन दिवस हवे होते.

नवव्या दिवशी सकाळी भुऱ्यानं पाण्यात तोंड घातलं आणि झटक्यानं बाहेर काढलं. पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. तोंडातून लाळेची तार लोंबत होती.

बयनाबाई ओट्यावर बसून मोडलेली आठ बोटं पुन्हा मोजू लागली. उद्धवराव गाडी जुपायला धावले, कोणीतरी दादाजीला आणायला पळालं. दादाजी आला, वाकून पाहिलं, आणि दोन पावलं मागं सरला.

"बाई, तोंडात काही अडकलं असन. नाई तर..." त्यानं हात पाठीमागं घेतले. "मी हात घालत नाई. मले लेकरं हायेत."

त्याचं काय चुकलं? कोणीही हात घातला नसता. उद्धवराव बैलाचा कासरा धरून तसेच थिजले होते. बयनाबाईनं सगळ्यांची तोंडं पाहिली आणि तिला ते समजलं. ह्या गावात भुऱ्याच्या तोंडात हात घालता येईल असं एकच माणूस होतं. जे व्हायचं ते तिला होऊनच गेलं असेल. तिला आणखी काय चावणार होता तो?

ती उठली. "ये बापा," म्हणाली आणि डाव्या हातानं त्याचा जबडा वर केला. चिंधी बांधलेला उजवा हात आत घातला. भुऱ्या गुरगुरला. तिनं डोळे मिटले, पण हात मागं घेतला नाही. टाळूला आडवं काहीतरी टोचलं. ओढलं. ज्वारीच्या धांड्याच्या सालीची बोटभर लांब, टोकदार चोई, रक्तानं माखलेली.

भुऱ्या थेट पाण्यावर गेला. लप लप लप. पातेलं रिकामं झालं.

"पेला!" बयनाबाई किंचाळली. "अवो, पेला तो! पाणी पेला!" आणि मग अशी हमसून हमसून रडली की द्वारकाबाईनं कुंपणावरून येऊन तिला जवळ धरलं.

दहावा दिवस सरला. अकराव्या दिवशी दोघंही जिवंत होते. उद्धवराव हळूच म्हणाले, "आता जंगलात सोडून येऊ काय याले?" बयनाबाईनं टोपल्यातली भाकर घेतली आणि कडुलिंबाकडं गेली.

भुऱ्या पुढं सात वर्षं जगला आणि कोणालाही चावला नाही. बाया तिला विचारायच्या, "बयनामाय, भेव गेलं न आता तुमचं?"

"कुठचं जाते व बाई!" ती म्हणायची. "रोज हात थरथरते. पण मी नाई त त्याले चारन कोण?"