सालवडच्या खोलीतला मुका लॅपटॉप

“हळू बोला, ताई. आत रात्र हाय,” सविताताई म्हणाल्या आणि दार अर्धंच उघडून त्यांनी मला आत घेतलं.

बाहेर सकाळचं ऊन चटके देत होतं. आत खिडकीवर निळी ताडपत्री ठोकलेली. त्या उजेडात खोली तळ्याच्या तळाशी असल्यासारखी वाटत होती. खाली तिघं झोपलेले. सविताताईंचा नवरा दिलीप, धाकटा दीर आणि त्यांच्याकडे भाड्याने राहणारा बिहारचा शंभू. तिघंही तारापूरच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून आलेले. पंखा फिरत होता, श्वास वरखाली होत होते. मी दुरुस्तीला आले आहे हे घटकाभर विसरूनच गेले.

मी बोईसरच्या एका दुकानात लॅपटॉप दुरुस्त करते. सुट्टीच्या दिवशी कामगार संघटनेची पत्रकं वाटते. दोन्हीकडे एकच वाक्य ऐकायला मिळतं: आता हे असंच चालायचं. मला त्या वाक्याची चीड आहे.

सालवडच्या या गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकण्याचं वर्कशॉप आहे. सकाळ झाली की घण सुरू, ते संध्याकाळपर्यंत. म्हणजे रात्रपाळीच्या माणसाची झोप जेवढी, तेवढाच वेळ. गल्लीने तक्रार केली तर उत्तर आलं, पुरावा आणा. आवाज करणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, पुरावा द्यायचा तो झोपणाऱ्याने! सविताताईंनी खिडकीत लॅपटॉप ठेवून आवाज रेकॉर्ड केला. तक्रारीची सुनावणी आज दुपारी पालघरच्या सरकारी कार्यालयात, साहेबांसमोर होती. आणि लॅपटॉपच्या स्पीकरमधून काल रात्रीपासून काही ऐकूच येत नव्हतं.

मी बाहेर ओट्यावर जाऊन दुकानमालक काकांना फोन लावला.

“बोर्डावरचा साउंडचा आयसी गेला असणार,” काका म्हणाले. “दुकानात आण. बोर्ड बदलावा लागेल.”

“न बघताच?”

“मग मोबाइलवर वाजवा. बाहेरचा स्पीकर लावा.”

“काका, मागच्या सुनावणीला मोबाइलवरच वाजवलं होतं. तो वर्कशॉपवाला म्हणाला, हे कुठलंही असेल. साहेब म्हणाले, ज्या मशिनवर रेकॉर्ड केलंय तेच आणा. आणि बाहेरचा स्पीकर लावला तर तो म्हणेल, आवाज वाढवलाय.”

“तुझी गिऱ्हाइकं पण तुझ्यासारखीच, भांडकुदळ,” असं म्हणत काकांनी फोन ठेवला.

वर्कशॉपचा मालक माणसं घेऊन पालघरला निघाला होता, म्हणून आज घण बंद होते. “किती दिवसांनी असे झोपलेत,” सविताताई कुजबुजल्या. “उठवू नका हां.”

मी भिंतीला टेकून बसले. आधी म्यूट बघितलं. नव्हतं. आवाज पूर्ण वर केला आणि सविताताईंनी केलेलं घणांचं रेकॉर्डिंग वाजवायला लावलं. पडद्यावर हिरवी पट्टी नाचत होती. म्हणजे लॅपटॉपच्या मते आवाज निघत होता. मग ड्रायव्हर पाहिला. लॅपटॉपला स्पीकर कसा वापरायचा ते सांगणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. तोही ठीक. पंख्याच्या वाऱ्याने ताडपत्री फुगत होती, बसत होती. त्या निळ्यात माझ्याच पापण्या जड झाल्या.

मग आउटपुट पाहिलं, म्हणजे आवाज कुठे पाठवला जातोय ते. तिथे लिहिलं होतं: हेडफोन.

“ताई, हेडफोन कुठाय?”

“आमच्याकडं नायच.”

मोबाइलचा टॉर्च लावून हेडफोनच्या भोकात बघितलं. आत खोल काहीतरी चमकलं.

सविताताईंनी कपाळावर हात मारला. “मुकी पिन!”

या गल्लीत घरोघरी ती आहे. जुन्या इअरफोनची वायर पिनजवळ कापायची आणि नुसती पिन लॅपटॉपमध्ये खुपसून ठेवायची. लॅपटॉपला वाटतं हेडफोन लावलाय, तो स्पीकर बंद करतो. मग सिनेमा बघा, मेसेज येऊ द्या, झोपलेल्याला त्रास नाही. काल रात्री सगळे कामावर गेल्यावर त्यांनी सुनावणीसाठी ती पिन उपटली. बाहेर अर्धीच आली. टोक आत राहिलं, ते त्यांना कळलंच नाही.

मी पेनाच्या रिकाम्या रिफिलच्या टोकाला झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा अगदी बारीक ठिपका लावला. जास्त लागला तर भोकच बुजतं. रिफिल आत टेकवली, गोंद धरेपर्यंत श्वास रोखून तशीच ठेवली आणि सरळ ओढली. पिनेचं टोक बाहेर आलं.

रेकॉर्डिंग अजून चालूच आहे, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

धाण! धाण! धाण!

दिलीप ताडकन उठला, अर्धवट झोपेत दार उघडून गल्लीत गेला आणि ओरडला, “अरे मेल्यांनो, आज तरी! आज तरी!”

गल्ली शांत होती. कुत्रं तेवढं मान वर करून बघत होतं.

“अहो, आत या. लॅपटॉप हाय तो,” सविताताई म्हणाल्या. शंभूने चादरीतून डोकं काढलं. “दीदी, ठीक हो गया तो अब बंद कर दो ना.”

दुपारी पालघरला साहेबांच्या केबिनमध्ये एसीचीच काय ती घरघर होती. सविताताईंनी लॅपटॉप टेबलावर ठेवला, बटण दाबलं. घण सुरू झाले. साहेबांनी थांबवायला सांगितलं नाही. घणांच्या मधल्या फटीत कुणीतरी कूस बदलल्याचं ऐकू येत होतं. मग घोगऱ्या आवाजात, “पाणी दे गं.” मग पुन्हा घण. खिडकीबाहेर पांढरं ऊन होतं आणि आम्ही सगळे त्या निळ्या खोलीत उशाशी बसल्यासारखे ऐकत होतो.

घण वाजतच होते. वर्कशॉपचा मालक म्हणाला, “साहेब, एवढा आवाज नसतो.”

“काय?” साहेबांनी कान पुढे केला.

“एवढा आवाज नसतो!”

“ओरडताय कशाला?” साहेब म्हणाले.

“ऐकू येत नाही म्हणून!” तो म्हणाला आणि लगेच त्याने जीभ चावली.

साहेबांच्या हुकमाने आता तिथे दुपारी तीनच्या आत घण उचलता येत नाही. मला संध्याकाळपर्यंत शांतता हवी होती आणि दंडही. ते झालं नाही, त्याचं भांडण चालू आहे.

काका अजून म्हणतात की बोर्डच गेला होता, नशिबाने चालला. त्यांना काय सांगायचं? तुम्हाला सांगते. लॅपटॉपचा आवाज गेला तर आधी आउटपुट बघा, मग भोकात टॉर्च मारा. एवढं न करता जो बोर्ड बदला म्हणतो, त्याच्या हातात लॅपटॉप देऊ नका. आणि पिन ओढायच्या आधी रेकॉर्डिंग बंद करा. माणसं झोपलेली असतात.