तीन ओळींचा सौदा

"चित्रात काय आहे?" असं विचारताना बाई दोन बोटांनी टेबलाच्या कडेवर हलकेच टकटक करत. उत्तर मिळेपर्यंत टकटक चालूच.

पनवेलला तळ्याजवळ एका जुन्या तीनमजली इमारतीत त्या एकट्या राहत. जन्मापासून दिसत नव्हतं. बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून अख्खी नोकरी करून निवृत्त झालेल्या. मी वाळूच्या ट्रकवर क्लीनर होतो; आता इमारती बांधतो, लोक शेठ म्हणतात. बाईंची इमारत पाडून नवी बांधायचं काम मला हवं होतं, आणि त्यासाठी सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या हव्या होत्या. एकही कमी चालणार नव्हती.

संध्याकाळी गच्चीवर पडदा लावून मी प्रेझेंटेशन ठेवलं. पहिलंच चित्र लावलं आणि म्हणालो, "हे पाहा, तुमचं नवं घर."

टकटक. "चित्रात काय आहे?"

"बाई, सगळ्यांना दिसतंय."

"मग सांगायला कठीण नाही, शेठ."

लोक हसले. माझं डोकं तापलं. "सुंदर इमारत आहे," मी म्हटलं.

"सुंदर की नाही ते मी ठरवीन. आहे काय, ते बोला."

"सात मजले. पुढे झाडं. मध्ये कारंजं."

"कारंजं नेमकं कुठे?"

मी चित्राकडे वळून पाहिलं. कारंजं आमच्या चित्रकाराने कुठूनसं उचलून चिकटवलं होतं. तळमजल्यावरचे काका उठून उभे राहिले. "खरंच की! तिथे तर पाण्याची टाकी येणार म्हणालात!" मग जो गलका झाला, त्यात सभाच मोडली. पंधरा दिवसांनी पुन्हा भेटायचं ठरलं. घासाघीस करण्यात मला भलेभले टरकतात, आणि माझा सौदा मोडला तो एका प्रश्नाने. खोटं कशाला सांगू, तो राग अजून थोडा शिल्लक आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या दारात. "बोला, काय पाहिजे? वाढीव जागा? तळ्याकडची खिडकी?"

"खिडकीतून मला वारा लागतो, तो आताही येतोय. बसा. तुम्ही पाठवलेला करारनामा ऐका."

त्यांनी फोनवर बोट फिरवलं. फोन त्यांना मजकूर वाचून दाखवायचा. आतली यांत्रिक बाई म्हणाली, "चित्र." पुन्हा बोट. "चित्र." पुन्हा. "चित्र."

करारनाम्याच्या पानांचे मी मोबाइलवर फोटो काढून धाडले होते. पानं चाळीस, फोन चाळीस वेळा तेच म्हणणार.

"यावर सही करू?" बाईंनी विचारलं.

"टाइप केलेलं पाठवतो. पण प्रेझेंटेशनमधल्या चित्रांचं काय करू?"

"प्रत्येक चित्राला जोडून लिहा, त्यात काय आहे. फोन वाचेल."

"एक ओळ लिहीन."

"पाच."

"दोन. माझा काही धंदा आहे की नाही?"

"तीन. आणि विशेषण एकही नाही."

"ठरलं," मी म्हणालो. जिना उतरताना लक्षात आलं, की त्यांना तीनच हव्या होत्या.

त्यानंतर रोज चार वाजता मी तिथे. मी ओळी वाचायचो, त्या मान किंचित वर करून ऐकायच्या. खिडकीचा पडदा फुगायचा, ओसरायचा. तळ्यावरून ओलसर वारा यायचा, चहावर साय धरायची. मी "जिना" म्हणालो की त्यांची बोटं टेबलावर पायऱ्या चढत. "दार डावीकडे" म्हणालो की त्या डावीकडे वळून थोडं थांबत. अजून न बांधलेल्या घरात आम्ही दोघं फिरून येत असू. बाहेर आलो की मलाच रस्ता अनोळखी वाटे.

सदनिकांच्या नकाशात मी जुन्या मालकांच्या लाल आणि विकायच्या हिरव्या दाखवल्या होत्या. बाई म्हणाल्या, "रंगांवर अक्षरंही टाका. रंग न कळणारा कुणी असेल." मी कुरकुरत टाकली. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर जिन्यात मला गाठून हळूच म्हणाले, "लाल-हिरवं मला सारखंच दिसतं हो. सभेत कसं विचारणार?"

एकदा माझ्या हातून भलताच फोटो त्यांच्याकडे गेला. फोन म्हणाला, "चित्र." टकटक झाली.

"त्यात काही नाही, बाई."

"काही नसलेला फोटो कुणी फोनमध्ये ठेवत नाही."

तो माझ्या आईचा होता, खाडीकाठच्या गावातला. ते गाव गोदामांसाठी उठलं. कंपनीच्या माणसाने देवळासमोर पडदा लावून नकाशा दाखवला होता. आईला अक्षर येत नव्हतं. तिने विचारलं, "आपला घर कुठं हाय?" तो म्हणाला, "आजी, सगळं दाखवलंय," आणि पुढचं चित्र लावलं. पुढे जमिनीचा भाव मी हट्टाने वाढवून घेतला, पण आईचा प्रश्न तसाच राहिला. त्या माणसाला मी आयुष्यभर शिव्या दिल्या. त्या दुपारी बाईंना हे सांगता सांगता मला आमची गच्ची आठवली.

मग बाई म्हणाल्या, "आईंच्या फोटोचं लिहा, शेठ. हवं तर चार ओळी देते."

"नाय," मी म्हणालो. एरवी फक्त रागात येणारी गावची बोली तोंडात आली. "ठरल्यात तीनच."

दुसऱ्या सभेत मी प्रत्येक चित्र बोलून सांगितलं. जिथे टाकी होती तिथे टाकी म्हणालो. टकटक एकदाही झाली नाही. शेवटी बाईंनी खाच पाडलेली पुठ्ठ्याची पट्टी कागदावर ठेवली आणि त्या खाचेत सावकाश, सरळ सही केली.

बांधकाम होईपर्यंत त्या डोंबिवलीला भाचीकडे राहायला गेल्या. परत आल्या नाहीत. चौथा स्लॅब ओतला त्या आठवड्यात भाचीचा फोन आला, बाई गेल्याचा.

आता इमारत उभी आहे. पहिल्या मजल्यावरच्या त्यांच्या घराची किल्ली भाचीने अजून माझ्याकडेच ठेवली आहे. चारच्या सुमाराला कधीतरी मी तिथे जातो, खिडकी उघडतो. रिकाम्या खोलीत जमिनीवर बसून डोळे मिटतो आणि फोनवर बोट ठेवतो. यांत्रिक बाई वाचते:

"अंगणात एक बाई उभी आहे. ती खाडीकडे पाहते आहे. मागे घराचं दार उघडं आहे."