मफिनची हजेरी

ती सफरचंद बियांसकट खायची, देठ तेवढा खिशात टाकायची. दोराला गाठ मारली की गाठीवर दोनदा थाप मारायची. गाणं एकच गुणगुणायची, तेही अर्धं. कॉफीत बिस्किट बुडवायची आणि ते पडलं की बिस्किटालाच दोष द्यायची. पाण्यात डोकं कधी घालायची नाही. कमरेपर्यंत उतरायची, तोंडावर एक ओंजळ मारायची आणि बाहेर यायची. रागावली की तिचा आवाज खाली जायचा. दुकानातून, चर्चमधून, कुणाच्या घरातून निघताना दारात थांबून एकदा मागं बघायची, कुणी आत राहिलंय का म्हणून.

व्हर्लीन स्टकी. आमच्या पेज नावाच्या गावात तिनं जन्मभर शाळेची बस चालवली. फेरी संपली की ती शेवटच्या सीटपर्यंत चालत जायची, वाकून प्रत्येक सीटखाली बघायची, मगच बसला कुलूप लावायची. पहिलीत असताना मी तिला असाच सापडलो होतो, सीटखाली झोपलेला. त्यावरून तिनं मला कायम पिडलं.

साहित्याची पदवी घेऊन मी गावात परत आलो आणि किराणा दुकानात काउंटरवर उभा राहिलो. पहिल्याच आठवड्यात ती समोर आली.

‘काय प्रोफेसर, चार वर्षं पुस्तकं वाचून पिशव्या भरायला शिकलास?’

‘सहा वर्षं.’

‘मग अंडी तळाला का घातलीस?’

पुढच्या जूनमध्ये ती मला तिच्या होडीवर घेऊन गेली. होडीचं नाव मफिन. दोन माणसं आत झोपली तर तिसऱ्याला बसायलाही जागा नाही, एवढीशी शिडाची होडी. आमच्या होडीवाल्यांच्या मंडळातल्या सगळ्याच होड्या तशा. गाडीमागं ओढत आणायच्या, पाण्यात सोडायच्या आणि आठवडाभर सगळ्यांनी मिळून पॉवेल सरोवरावर हिंडायचं. दोन्ही बाजूंना तांबडे कडे. कड्यांत शिरलेल्या घळी. घळींच्या टोकाला वाळूचे तुकडे, तिथं मुक्काम. बहुतेक ठिकाणी वर चढायला वाट नाही. होडीनं यायचं, होडीनं जायचं. रेडिओ कड्यापलीकडे पोचत नाही.

व्हर्लीन सगळ्यात मागं असायची. कुणाचं इंजिन बंद पडलं, कुणाचं शीड फाटलं, तर मागून मफिन येतेय हे सगळ्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी ती रेडिओवर हजेरी घ्यायची. एकेका होडीचं नाव पुकारायची आणि त्या होडीवरच्या माणसानं स्वतः ओ द्यायची. दुसऱ्यानं दिलेली चालत नसे.

‘अगं, तो झोपलाय. ठीक आहे तो.’

‘उठव. मला त्याचा आवाज हवाय.’

लोक कुरकुरायचे, तिची नक्कल करायचे. पण मागच्या जूनमध्ये रस्टी क्रॉफर्डनं ओ दिली नाही, तेव्हाच आम्हाला कळलं की तो मागं राहिलाय. व्हर्लीन माघारी गेली आणि त्याला ओढत घेऊन आली. दुपारपासून तो एका खडकाला धरून बसला होता. हात सोलवटले होते.

यंदा ब्रँट हॅडलॉक मंडळाचा प्रमुख झाला. निवृत्त दंतवैद्य. मोठा आवाज, चांगला स्वयंपाक. एका वाळूवर आमचा बरेच दिवस मुक्काम झाला होता. तिथून निघायच्या सकाळी त्यानं सगळ्यांना गोळा केलं.

‘इथून पुढं दोन गट,’ तो म्हणाला. ‘एक माझा, एक लमारचा. दोन घळी, म्हणजे जागेवरून भांडणं नकोत. संध्याकाळी मी आणि लमार घळीच्या तोंडाशी येऊन रेडिओवर एकमेकांना सांगू, सगळे ठीक. झालं. नावं पुकारायला आपण काही पहिलीत नाही.’

‘मी कुठल्या गटात?’ व्हर्लीननं विचारलं.

‘तू मागून येणार. कुठल्याही गटात ये, तू घरचीच.’

‘म्हणजे कुठल्याच नाही.’

‘व्हर्लीन, बस पार्क केलीस ना? आता जरा सुट्टी घे.’

लोक हसले. तिचा आवाज खाली गेला.

‘ब्रँट, तू दात काढायचास तेव्हा कुठला ते बघून काढायचास, की साधारण त्या बाजूचा?’

आता लोक जास्त हसले. ब्रँटही हसला. मग त्यानं हात वर करायला सांगितले. हजेरी नको म्हणणाऱ्यांत रस्टीचा हात होता. तोच, मागच्या वर्षी सोलवटलेला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो वाळूकडे बघत राहिला.

जूनमध्ये डोंगरावरचं बर्फ वितळतं आणि सरोवर रोज चढतं. म्हणून मुक्काम लांबणार असेल तर नांगर काठावर बराच वर नेऊन, खोल खड्डा खणून वाळूत पुरायचा असतो. रस्टीनं आळस केला होता. पाण्याजवळच पुरला होता. त्या सकाळी त्याचा नांगर कमरेएवढ्या पाण्याखाली होता आणि वरची ओली वाळू सिमेंटसारखी बसली होती. रस्टीनं दोनदा दोर ओढला, पाठीला हात लावला आणि दोर होडीवरून सोडून पाण्यात टाकून दिला.

‘राहू दे. नवा घेईन.’

‘आणि पुढच्याच्या इंजिनात हा दोर गुंतला की?’ व्हर्लीन म्हणाली. ‘त्यालाही सांग, नवं घे.’

‘माझी पाठ गेलीय गं.’

‘पाठ गेलीय, कान नाही.’

तिनं मफिनमधून फावडं आणलं. मी बूट काढायला लागलो.

‘तू कुठं निघालास?’

‘मी थांबतो.’

‘याचं शीड कोण ओढणार? त्याच्याबरोबर जा. मी येतेच मागून.’

‘कुठल्या घळीत येणारेस?’

‘जिकडं जेवण बरं असेल तिकडं.’

मी रस्टीच्या होडीत चढलो. वळणावरून बघितलं तेव्हा ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून खणत होती. मान उंच ठेवून, तोंडावर पाणी उडू नये म्हणून.

दुपारी वारा सुटला. संध्याकाळी आम्ही ब्रँटच्या घळीत होतो. ब्रँट लमारशी बोलून परतला आणि निखाऱ्यांवर लोखंडी भांडं ठेवून पीचचा गोड पदार्थ करत बसला.

‘व्हर्लीन?’ मी विचारलं.

‘लमारकडे.’

‘तो तसं म्हणाला?’

‘सगळे ठीक म्हणाला.’

‘मफिनचं नाव घेतलं त्यानं?’

‘सगळे म्हणजे सगळे, बाळा. ताटली घे.’

‘मला होडी द्या. मी लमारकडे जाऊन येतो.’

‘या वाऱ्यात? म्हणजे आणखी एक जण हरवायचा?’

‘आणखी एक म्हणजे? आधी कोण हरवलंय?’

त्यानं भांड्याचं झाकण उघडलं. लोक ताटल्या घेऊन पुढं आले. मी रस्टीला म्हणालो, तुझी होडी दे. तो म्हणाला, नांगर नाहीये माझ्याकडे, अशा वाऱ्यात कशी देऊ?

सकाळी वारा पडला. आम्ही घळीच्या तोंडाशी आलो. लमारच्या होड्या समोरून येत होत्या. त्यांत मफिन नव्हती. लमारनं आमच्या होड्यांकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

‘ती तुमच्याकडे नाही?’ तो म्हणाला. ‘ब्रँट म्हणाला सगळे ठीक. आम्हाला वाटलं, तुमच्याकडे.’

आम्ही माघारी त्या वाळूकडे गेलो. मफिन वाळूसमोरच्या कड्याला लागून आपटत होती. डोलकाठी वाकली होती. आत रेडिओ चालू होता. लाइफ जॅकेट आतच होतं. व्हर्लीन त्या कड्याच्या आणि वाळूच्या मध्ये कुठंतरी सापडली. तिला पाण्यातून काढलं त्या होडीवर मी नव्हतो. ते बरं झालं की वाईट, मला सांगता येणार नाही.

वाळूवर तिचे बूट होते, आत मोजे कोंबलेले. टोपी उडू नये म्हणून तिच्यावर दगड. कड्याखाली सावलीत पाण्याचा भरलेला कॅन आणि खाण्याची पिशवी. खणताना उन्हात लागेल म्हणून तिनं ते काठावर आणून ठेवलं होतं. निघायचं म्हणून नांगर आधीच उचललेली मफिन वाऱ्यानं सुटली आणि वाहत निघाली.

गस्तीच्या होडीवरचा अधिकारी सगळं बघून म्हणाला, ‘इतकी मुरलेली बाई. पाणी होतं, सावली होती. होडीमागं पोहत का गेली?’

‘घाबरली असेल,’ ब्रँट म्हणाला.

मंडळात नवा माणूस आला की व्हर्लीन त्याला काय शिकवायची ते ब्रँटला पाठ होतं. आम्हाला सगळ्यांनाच पाठ होतं. होडी सुटली तर सुटू दे. तिच्यामागं पोहू नकोस. वाऱ्यात होडी तुझ्यापेक्षा जोरात जाते. सावलीत बस, पाणी पी. संध्याकाळी तुझं नाव पुकारलं जाईल, तू ओ देणार नाहीस, आणि आम्ही येऊ.

त्यातलं शेवटचं वाक्य त्यांनी आदल्या सकाळी हात वर करून काढून टाकलं होतं. उरलेल्या शिकवणीचं तिनं करायचं काय? त्या वाळूवरून वर जायला वाट नाही. एकमेव रेडिओ होडीत होता आणि होडी लांब चालली होती. ती कुठल्याच गटात नव्हती. तिनं ते त्याच सकाळी सांगितलं होतं, सगळ्यांसमोर, आणि लोक हसले होते.

‘घाबरली नव्हती ती,’ मी अधिकाऱ्याला म्हणालो. ‘आपल्याला कुणी शोधायला येणार नाही, हे तिला माहीत होतं.’

ब्रँट म्हणाला, ‘मुलगा धक्क्यात आहे.’

दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं. चीजमधले बटाटे, वर कॉर्नफ्लेक्सचा थर, मोठाल्या ट्रेमध्ये. ब्रँट बोलायला उभा राहिला. व्हर्लीन तिच्या आवडत्या जागी, आवडत्या गोष्टीत गेली, असं म्हणाला. पुढच्या वर्षीपासून हजेरी पुन्हा सुरू होईल आणि तिला व्हर्लीनचं नाव दिलं जाईल, असंही म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या. काहींनी डोळे पुसले. या वेळी हात वर करायला कुणी सांगितलं नाही.

बटाट्यांच्या टेबलाशी मी त्याला गाठलं.

‘तिला पोहायला आवडत नसे.’

‘काय?’

‘आवडत्या गोष्टीत गेली म्हणालात. तिला पोहायला आवडत नसे. डोकं पाण्यात घालायची नाही ती.’

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘दुःख आहे, एमेट. सगळ्यांनाच आहे.’

‘मला राग आलाय.’

‘कुणाचा?’

मी सांगितलं. तुमचा. लमारचा. रस्टीच्या हाताचा. त्या संध्याकाळी ताटल्या घेऊन पुढं आलेल्या प्रत्येकाचा. आणि तिचाही. तिनं एका घळीचं नाव घ्यायला हवं होतं. जेवण बरं असेल तिकडं, म्हणे. तिला कुठलंच जेवण बरं लागायचं नाही.

ब्रँटनं हात काढून घेतला. माझ्या ताटलीत बटाटे वाढले आणि दुसऱ्या टेबलाकडे गेला.

मफिन परत आणायला मी गस्तीच्या लोकांबरोबर गेलो. येताना त्यांना त्या वाळूशी थांबायला सांगितलं. सरोवर आणखी चढलं होतं. ती खणत होती तिथं माझ्या गळ्यापर्यंत पाणी आलं असतं. वर दुधाचा रिकामा प्लास्टिकचा डबा तरंगत होता. रस्टीनं टाकलेल्या दोराचं टोक तिनं त्याला बांधलं होतं, कुणाच्या इंजिनात जाऊ नये म्हणून. पाणी स्वच्छ होतं. मी होडीवरून वाकून बघितलं. नांगराचा एक फाळ तिनं पूर्ण मोकळा केला होता. दुसरा अजून वाळूत होता, आणि खड्ड्याच्या कडेची वाळू त्याच्यावर हळूहळू घसरत होती.