लिहून द्या, मग तोडतो

आलापल्लीच्या त्या सभागृहात आम्ही बारा-चौदा जण बसलो होतो, सगळे झाडावर चढणारे. माझं आयुष्य दोरावर आणि करवतीवर गेलं. रस्त्यावर वाकलेली फांदी, तारांवर टेकलेलं झाड, वाळून पोकळ झालेला बुंधा, कुठूनही बोलावणं आलं की जायचं, चढायचं, तोडून उतरवायचं. आणि आता आम्हाला वटवाघळांविषयी शिकवणार होते.

साहेबांनी दिवा लावला, भाषण केलं, फोटो काढून घेतला आणि गाडीत बसून गेले. त्यांच्यासोबत पुढच्या रांगेतले सगळे गेले. उरलो आम्ही आणि ती शिकवणारी बाई. नागपूरकडची, वटवाघळांचा अभ्यास करणारी. बाई चांगलं सांगत होती. ढोलीच्या तोंडाशी काळपट, तेलकट डाग दिसला, खाली बारीक लेंड्या पडलेल्या दिसल्या, तर आत वटवाघळं आहेत असं समजा. उन्हाळ्यात आयांच्या छातीला पिल्लं असतात, तेव्हा त्या झाडाला हात लावू नका. शंका आली तर थांबा.

'थांबा' म्हटलं आणि माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो.

"बाई, थांबनार कोन? आमी का आमच्या मनानं झाड तोडतो? कागदावर सही करनारा इथी एक तरी बसला आहे काय?"

मग माझ्या तोंडून तेही निघालं जे मी घरी बायकोलाही सांगितलं नव्हतं. कोरपन्याकडे एका रस्त्यावर मी वाळलेल्या मोहाची फांदी कापत होतो. मशीन अर्ध्यात गेली आणि भुसा लाल यायला लागला. आत ढोली होती. मी मशीन बंद केली तर खालून मुकादम ओरडला, "चमगीदडंच त आहेत, चालव!" आणि मी चालवली. ते मी केलं होतं. मुकादमानं नाही, मी.

बाईंनी मला समजावलं नाही. हातातला पेन ठेवून म्हणाल्या, "खरं आहे भाऊ. सही करणाऱ्यांना मी आधी बोलावलं होतं. ते फोटोपुरते आले." मग आम्हाला घेऊन बाहेर झाडाखाली आल्या. तिथे मी त्यांना कुऱ्हाडीच्या पाठीनं बुंधा ठोकून पोकळ आवाज कसा ओळखायचा ते दाखवलं. त्या खाली बसून काळ्या डागाचा वास घेत होत्या. मी दाखवलेली दोराची गाठ त्यांना चार वेळा जमली नाही, पाचव्यांदा जमली. जाताना नंबर दिला. "कधीही करा," म्हणाल्या.

एप्रिलात आरमोरीकडे काम निघालं. तलावाच्या पाळीवर कहूची जुनी झाडं, ज्याला पुस्तकात अर्जुन म्हणतात. रस्ता रुंद करायचा म्हणून ती तोडायची होती. मी वर पाहिलं तर झाडभर मोठी वटवाघळं लटकलेली, कोल्ह्याच्या तोंडाची, आणि जवळपास प्रत्येकीच्या पंखाआडून एक लहान डोकं बाहेर आलेलं. मी दोर खांद्यावरून उतरवला आणि फोन लावला. बाई दुसऱ्या दिवशी एसटीनं आल्या, पाठीवर पिशवी, गळ्यात दुर्बीण.

रस्त्याचे साहेबही आले. बाई त्यांना सांगत होत्या, पावसाळ्यापर्यंत थांबा, पिल्लं उडायला लागतील. साहेब मोबाईल पाहत होते.

"मॅडम, ट्रेनिंगमधल्या गोष्टी ट्रेनिंगमध्ये ठीक आहेत. मला काम संपवायचंय." मग माझ्याकडे वळले. "तू काऊन उभा आहेस? चढ."

मी म्हटलं, "चढतो साहेब. फक्त लिहून द्या."

"काय लिहून द्यायचं?"

"मी वर पिल्लं पाह्यली, तुमाले सांगितलं, तरी तुमी तोडाले सांगितलं. एवढंच लिहा, खाली सही करा. मग तोडतो."

बाईंनी वहीतला कागद फाडून पुढे धरला. साहेबांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. एवढी झाडं तोडायच्या कागदावर सही करणारा माणूस या दोन ओळींवर सही करायला तयार नव्हता! "फार शिकलास," म्हणाले आणि गाडीत बसले. आम्ही दोघांनी तिथेच बसून पावसाळ्यापर्यंत तोड थांबवायचा अर्ज लिहिला, दोघांनी सह्या केल्या, कचेरीत नेऊन दिला, पोच घेतली. मला वाटलं, जमलं.

चार दिवसांनी मुकादमानं मला मुद्दाम दुसऱ्या गावी कामाला पाठवलं. दुपारी पाळीजवळ राहणाऱ्या एका ओळखीच्या म्हातारीचा फोन आला. "भाऊ, मशीन आली जी. झाड पाडून राह्यले."

मी पोचलो तेव्हा कहूची काही झाडं आडवी झाली होती, बाकीची अजून उभी होती. जेसीबीनं ढकलून पाडलेली, दोर नाही, फांद्या उतरवणं नाही. भर उन्हात आकाश काळं झालं होतं. आया किंचाळत घिरट्या घालत होत्या आणि खाली पानांत पिल्लं पडली होती. जेसीबीवाला बाजूला बिडी ओढत होता. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. लोकांनी धरलं म्हणून बरं, नाही तर त्या दिवशी माझ्या हातून काय झालं असतं सांगता येत नाही. त्यालाही हुकूमच होता, हे मला कळत होतं. तरीही.

निघतानाच मी बाईंना फोन केला होता, त्या जवळच्याच गावात होत्या; आल्या त्या थेट कामाला लागल्या. मला चामड्याचे हातमोजे दिले, तोंडाला फडकं बांधायला लावलं. "चावतात, आणि आजारही लागू शकतो. उघड्या हातानं नाही." ओली फडकी टाकलेल्या टोपल्यांत आम्ही पिल्लं उचलली. बरीच गेलेली होती. जिवंत होती ती बोट घट्ट धरत होती.

"आता काय?" मी विचारलं.

"उभ्या झाडावर वर नेऊन लटकवायची. आई ओळखते. पण तिथवर मला चढता येणार नाही."

मी चढलो. टोपली दोराला बांधून वर ओढायची, एकेक पिल्लू काढायचं, सालीला त्याचे पाय धरू द्यायचे, मग सोडायचं. आयुष्यभर मी झाडावरून खालीच उतरवत आलो होतो. खालून बाई सांगत होत्या, अजून सावलीत घ्या, डावीकडे. ऊन उतरायला लागलं तशा काही आया परत आल्या. एक माझ्यापासून दोन हातांवर येऊन बसली, पिल्लाला हुंगलं, पंखात ओढलं आणि गेली. काही पिल्लांना न्यायला कोणीच आलं नाही. ती रात्रीतून मेली.

त्या अर्जाची पोच घेऊन बाई वरच्या कचेरीत गेल्या, तेव्हा कुठे बाकीची झाडं पावसाळ्यापर्यंत राहिली. नंतर दोन तोडलीच. ती मी तोडली, आधी प्रत्येक ढोली पाहून, फांदी फांदी उतरवून. ढोली असलेलं एक झाड मात्र अजून उभं आहे.

पुढच्या वर्षी कचेरीतून बोलावणं आलं, ट्रेनिंगमध्ये माझा सत्कार करायचा होता. शाल, नारळ. मी निरोप धाडला, शाल नको, त्या रस्त्याच्या साहेबाला शेवटपर्यंत पुढच्या रांगेत बसवा, तर येतो. ते आले, बसले. अर्धा वेळ मोबाईल पाहिला. शेवटी बाईंना विचारलं, "पिल्लं साधारण किती महिन्यांत उडतात?" बाईंनी सांगितलं. त्यांनी ते डायरीत लिहून घेतलं.

चहाच्या वेळी ते कप घेऊन माझ्याकडे आले, काहीतरी बोलायचं होतं त्यांना. मी उठून बाहेर गेलो.