एकतिसाव्या अध्यक्षाचे सूप

मिरजेहून निघताना मुलीसाठी मेतकूट आणि भडंग बॅगेत भरले आणि अगदी शेवटी, घराला कुलूप लावण्यापूर्वी, सुमतीची वही घेतली. सुमती माझी पत्नी, शाळेत इतिहास शिकवायची. तिला जाऊन आठ महिने झाले होते. त्या वहीत अमेरिकेचे अध्यक्ष क्रमांकाने लिहिलेले होते आणि प्रत्येकापुढे एकच ओळ होती. तिची शिकवण्याची रीतच ती. एक ओळ पक्की झाली की बाकीचे आपोआप मागून येते, असे ती म्हणे. ओळ चुकली की बाकावर उभे राहायचे.

निघण्याच्या आदल्या दिवशी शाळेच्या स्मरणिकेतले तिचे पान माझ्या फोनवर आले होते. पाठवणारा संजय, तिचा जुना विद्यार्थी आणि आता स्मरणिकेचा संपादक. पानावर तिचा फोटो होता आणि खाली छापले होते, ‘सुमतीबाईंच्या फळ्यावर दया हा शब्द कधी उमटलाच नाही.’ संजयने लिहिले होते, ‘काका, ग्रुपवर सगळ्यांना आवडलंय. तुमचा होकार आला की छापायला देतो. महिनाभर थांबतो.’

तीस वर्षे शिकवणाऱ्या बाईचे एवढेच उरावे? नकार कळवायचा हे मी विमानातच ठरवले. फक्त कोणत्या शब्दांत, ते सुचत नव्हते.

फ्रँकफर्टच्या विमानतळावर अमृता, माझी मुलगी, घ्यायला आली होती. ती बाड हॉम्बुर्गला राहते. फ्रँकफर्टहून अर्ध्या तासाच्या आत पोचता येणारे हे टुमदार गाव आहे. मागे टाउनुसचे गर्द डोंगर आणि मधोमध मोठी बाग, जिथे जुन्या काळी लोक औषधी पाण्यासाठी येत. ते पाणी अजूनही कारंज्यातून पिता येते. मी प्यायलो. चव खिळे भिजत घातलेल्या पाण्यासारखी होती. बाकावरच्या एका आजोबांनी माझे तोंड पाहून हात वर केला आणि ते मनापासून हसले. आठ महिन्यांत परक्या माणसाबरोबर हसण्याची ती माझी पहिलीच वेळ.

घरी बारा वर्षांची नात ईरा तोंड फुगवून बसली होती. तिच्या वर्गात प्रत्येकाला एका अमेरिकन अध्यक्षावर रेफराट (वर्गापुढे उभे राहून करायचे भाषण) द्यायचे होते. चिठ्ठ्या टाकल्या होत्या. ईराला मराठी सगळे कळते, पण ती उत्तर जर्मनमध्येच देते.

“एकतिसावा आलाय तिला,” अमृताने सांगितले. “म्हणते, कोणी ऐकलेलंसुद्धा नाही त्याचं नाव. मैत्रिणीला सोळावा मिळाला, गुलामी संपवणारा. हिला हा.”

मी वही काढली. एकतिसाव्यापुढे सुमतीच्या तिरप्या अक्षरात होते, ‘महामंदी. बेघरांच्या झोपडपट्ट्यांना लोकांनी याचे नाव दिले.’

“गेनाऊ!” अमृता हसली. “अगदी बरोबर. आईने ओळ लिहिली की विषय संपला. अपील नाही.”

ईराने वाचायला लावले, ऐकले आणि जर्मनमध्ये काहीतरी म्हणून खोलीत गेली. मी अमृताकडे पाहिले.

“म्हणते, बिचारा.”

शनिवारी आम्ही तिघे फ्रँकफर्टला गेलो. उंच काचेच्या बँका मागे टाकून जुन्या चौकात आले की लाल दगडाचे, लंबगोल, बुटके असे एक ख्रिस्ती देऊळ दिसते, पाउल्सकिर्शे. देऊळ असले तरी आत पूजा होत नाही. जर्मनीची पहिली लोकसभा तिथे भरली होती. बाहेरच्या भिंतीवर पस्तिसाव्या अध्यक्षाची पाटी आहे, कारण तो इथे बोलून गेला. वहीत त्याची ओळ होती, ‘चंद्रावर माणूस पाठवण्याचे ठरवले.’ अमृता म्हणाली की इथे चंद्राचे कोणी काढत नाही. इथे तो आठवतो बर्लिनला येऊन केलेल्या भाषणासाठी. मला ते थोडे खटकले. सुमतीची ओळ अपुरी पडल्याचे मी तोवर पाहिले नव्हते.

जेवायला ग्र्यूने झोसे (सात प्रकारच्या कोवळ्या पाल्याचा थंड, दह्यासारखा सॉस) मागवला. सोबत उकडलेले बटाटे आणि अंडी. वरून हिरव्या मिरचीचा ठेचा असता तर, असे मनात आले. ईराने न विचारता तिखटाची छोटी बाटली माझ्यापुढे सरकवली. अमृताच्या पर्समध्ये ती कायम असते.

परतताना गाडीत मायलेकींचा वाद रंगला की ज्याने काहीच चांगले केले नाही त्याच्यावर दहा मिनिटे बोलायचे काय. त्या नादात आमचे स्टेशन मागे पडले. आम्ही थेट फ्रीडरिक्सडॉर्फला पोचलो, तिथे ती गाडीच संपते.

“आजोबांच्या अध्यक्षामुळे,” ईरा म्हणाली. ते मात्र मराठीत.

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या फ्राउ केलर यांनी कॉफीला बोलावले. वय पंच्याऐंशीच्या पुढे, एकट्या राहतात. अमृता कामात होती, म्हणून दुभाषी म्हणून ईरा आली. आलुबुखाराचा केक होता. बोलता बोलता रेफराटचा विषय निघाला आणि ईराने अध्यक्षाचे नाव सांगितले. फ्राउ केलर यांनी हातातला काटा खाली ठेवला.

“आख!” त्या म्हणाल्या आणि मग खूप वेळ बोलत राहिल्या. ईरा शब्द शोधत, अडखळत मराठीत सांगू लागली. दुसरा इलाजच नव्हता.

“त्या लहान होत्या. युद्ध संपलं होतं. खायला नव्हतं. मग शाळेत सूप यायला लागलं. शूलश्पाइझुंग. ते... ते म्हणजे शाळेतलं जेवण. तो माणूस तेव्हा अध्यक्ष नव्हता, म्हातारा झाला होता. इथे आला, पाहिलं, आणि मुलांना जेवण द्या म्हणाला.”

“सूप कसलं?” मी विचारले.

“कधी वाटाण्याचं. कधी बिस्किटांचं, गोड. ते त्यांना आवडायचं नाही. कधी कोको आणि पाव. भांडं घरून न्यायचं. त्या त्यांच्या बाबांचा घरी राहिलेला सैन्यातला डबा न्यायच्या. बाबा परत नव्हते आले.” ईरा थांबली. “आजोबा, त्या म्हणतात, दप्तराला बांधलेला तो डबा वाजायचा. गल्लीतल्या सगळ्यांचे वाजायचे.”

मी वही उघडली. ही ओळ त्यांना सांग, असे ईराला म्हणालो. तिला ते नको होते. “कशाला? त्यांना वाईट वाटेल.” तरी तिने सांगितले. महामंदी, झोपडपट्ट्या, त्याचे नाव.

फ्राउ केलर यांनी शांतपणे ऐकले. मग मान हलवून दोनच वाक्ये बोलल्या.

“म्हणतात, तेही खरंच असणार,” ईरा म्हणाली. “आणि म्हणतात, मी तिथे नव्हते.”

मी केकचा तुकडा संपवला. नकाराचे जे पत्र मी रोज मनात लिहीत होतो, त्यात आता पुढे काय लिहावे ते कळेना. बाकावर जे उभे राहिले ते उभे राहिलेच होते. मी त्या वर्गात कधी बसलो नव्हतो.

ईराचे रेफराट चांगले झाले. तिने आधी आजीची ओळ सांगितली, मग फ्राउ केलर यांचा डबा. वर्गातल्या बाईंनी विचारले, मग हा माणूस चांगला की वाईट? ईरा म्हणाली, ते कोणाला विचारता त्यावर आहे. हे सांगताना ती तिच्या आजीसारखी हनुवटी वर करून उभी होती की नाही, ते मला कळणार नाही. अमृताही तिथे नव्हती.

महिना संपला. परत आलो तेव्हा घराला बंद खोल्यांचा वास होता. खिडक्या उघडेपर्यंत संजय आलाच. पन्नाशीचा माणूस, पण बूट दाराबाहेर नीट जोडीने ठेवून आत आला.

“काका, तुम्ही काहीच कळवलं नाहीत. राग आला का? ओळ बदलू का? ती माझीच आहे.”

“किती वेळा उभं केलं होतं तिने तुला?”

“मोजलं नाही. पण अजून झोपेतून उठवून विचारा, सगळे अध्यक्ष सांगतो.”

“मग राहू दे ती ओळ. खरी आहे.”

तो खुर्चीत पुढे सरकला आणि जरा बिचकत म्हणाला, “काका, तुम्ही सांगा ना. बाई घरी कशा होत्या? आम्हाला कुणालाच माहीत नाही.”

तोवर मला हे कोणीच विचारले नव्हते. मी चहाचे आधण ठेवले आणि स्वयंपाकघरातूनच सांगायला लागलो. चहा उकळून गेला, दुसऱ्यांदा ठेवला, तरी मी तिच्या लग्नाआधीच्या दिवसांतच होतो.