लाखेचा जन्मदाखला

आमचे शेठजी मुंगीलाही दुखवत नसत. रोज सकाळी ते चपला हातात घेऊन बाजारामागच्या चिंचेखाली जात, वारुळाभोवती साखर घातलेली कणीक पसरत आणि पायाखाली बघत बघत परत येत. परत येत ते कुठे, तर स्वतःच्या लाखेच्या कारखान्यात.

लाख म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पळसाच्या नाहीतर कुसुंबाच्या फांदीवर बारीक किडे बसतात, रस पितात आणि अंगातून चीक सोडून त्यातच स्वतःला गाडून घेतात. सालेकशाकडच्या जंगलातून तो चीक गाड्या भरभरून गोंदियाला यायचा. कारखान्यात तो किड्यांसकट भरडायचा, हौदात धुवायचा, भट्टीवर वितळवून त्याची पातळ पानं ओढायची आणि पेट्या भरून कलकत्त्याच्या बंदरावर धाडायच्या. हौदातून वाहणारं पाणी लालभडक असायचं. शेठजी त्या नालीकडे कधी बघत नसत.

त्यांच्या लेखी हा सगळा डिंक होता. मी इंग्रजी पत्रं लिहायला नोकरीला लागलो, त्या दिवशीच त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं, "बाबू, यहाँ कीड़ा-वीड़ा कुछ नहीं होता. पेड़ का गोंद है, बस." मी नुकताच मॅट्रिक झालेलो, घरी बायको गरोदर. शेठजींनी त्याला गूळ म्हणायला सांगितलं असतं, तरी मी चाखून गोड आहे म्हटलं असतं.

स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती. इंग्रज गेला, पण कागद इथेच ठेवून गेला आणि त्यांना पिल्लं झाली. हँबर्गच्या एका व्यापाऱ्यानं आमच्याकडून पहिल्यांदाच माल मागवला आणि सोबत मूळस्थानाचा दाखला मागितला. माल कोणत्या देशातला, प्रत्यक्ष बनवला कोणी, आणि तो वनस्पतिजन्य की प्राणिजन्य, हे त्यात हवं होतं. दाखला द्यायची नागपूरची एक व्यापारी संस्था, पण त्याआधी बनवणाऱ्यानं मॅजिस्ट्रेटसमोर शपथ घ्यायची. मी आज्ञेप्रमाणे 'वनस्पतिजन्य' लिहिलं आणि कागद घेऊन नागपूरची गाडी पकडली.

तिथल्या सेक्रेटरीनं तो वाचला आणि माझ्याकडे टाकला. "लाख किड्याची असते, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. प्राणिजन्य लिहा, शपथेवर सही आणा, मग या." हे बोलत असताना तो दुसऱ्या कुणाच्या तरी दाखल्यावर लाखेचं सील मारत होता.

शेठजींची झोप उडाली. पुढच्याच महिन्यात मंदिराच्या पंचांचा अध्यक्ष निवडायचा होता आणि ती गादी त्यांना मरणाआधी एकदा हवीच होती. भर कचेरीत उभं राहून 'मी किडे वितळवतो' अशी शपथ घ्यायची म्हणजे सगळं संपलंच. तिथे लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या अर्जनविसाचं तोंड म्हणजे गावची दवंडी. आणि शपथ न घ्यावी, तर पेट्या कलकत्त्याच्या गोदामात कुजणार. धर्म की धंदा, असा पेच पडला की आमच्या बाजारात तिसरी वाट हमखास निघते.

"बाबू," शेठजी म्हणाले, "बनाता कौन है? मैं तो हाथ भी नहीं लगाता."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. माल बनवायचा आमचा भट्टीवरचा मिस्त्री. गरम लाखेचं पान दोन्ही हातांत, दोन्ही पायांत आणि वरची कड दातांत धरून तो ते माणसाएवढं लांब ओढायचा. पगार नव्हता, रोजी मिळायची, तीही आला त्या दिवसाची. त्याला पेढीत शेठजींच्या गादीवर बोलावलं. शेठजींनी त्याच्यासाठी स्वतः चहा मागवला, तेव्हाच तो सावध झाला.

मी कागद समजावून सांगितला. त्यानं विचारलं, "माह्याच नावानं काऊन?"

"अरे, तू ही तो बनाता है," शेठजी म्हणाले.

"मी बनवतो, हे तुमाले आजच समजून राहिलं का?"

मी खोकल्याचं सोंग करून हसू गिळलं. मिस्त्रीनं चहा संपवला. "माह्या घरी कोंबडं कटते, मासे शिजतेत. एवढ्या पापात हे बी समावून जाईन," असं म्हणत त्यानं अंगठा पुढे केला. शपथ झाली, दाखला झाला, माल बोटीत चढला. शेठजी अध्यक्ष झाले. हारतुऱ्यांच्या त्या सभेत ते अहिंसेवर बोलले आणि त्याआधी ग्रामोफोनवर भजनं लावली होती. त्या तबकड्याही लाखेच्याच बनतात, हे मी कुणाला सांगितलं नाही.

काही महिन्यांनी हँबर्गहून पाकीट आलं. वर नाव मिस्त्रीचं! ज्याचं पत्र त्यालाच आधी, म्हणून मी ते भट्टीवर जाऊन वाचून दाखवलं. माल उत्तम निघाला होता. व्यापारी लिहीत होता की, दाखल्यावरून खरे उत्पादक आपण आहात असं कळलं, तेव्हा मधल्या दलालापेक्षा आपल्याशीच व्यवहार करायला आम्हाला आवडेल.

"मधला दलाल कोन?" मिस्त्रीनं विचारलं.

"शेठजी."

तो इतका हसला की त्याच्या हातातलं पान फाटलं.

बातमी गादीवर पोचली आणि शेठजी भट्टीवर आले. तिथे मी त्यांना त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. आपण नोकर आहोत, माल शेठजींचा, असं मिस्त्रीनं लिहून द्यावं आणि नवा दाखला त्यांच्या नावानं व्हावा, असा त्यांचा हुकूम होता.

"और कीड़े, शेठजी?" मी विचारलं. मला राहवेना.

"लिखो कीड़े! मेरे कीड़े हैं!"

मिस्त्री उठला नाही. "अंगठा देतो," तो म्हणाला, "पन शपथ खोटी नोको. बनवनारा म्हनून सांगता, मंग एक पान तरी वढा, शेठजी." आणि त्यानं गरम लाख पुढे धरली.

हौदावर लाख धुणाऱ्या बाया पदरानं हात पुसत दाराशी जमल्या. मला वाटलं, आता मिस्त्रीची रोजी गेली. पण शेठजींनी एकदा त्या लाखेकडे पाहिलं, एकदा माझ्या हातातल्या हँबर्गच्या पत्राकडे पाहिलं, धोतर खोचलं, खाली बसले आणि लाखेची कड दातांत धरली. बोटं भाजली, डोळ्यांतून पाणी आलं, पण सोडलं नाही. वीतभर ओढल्यावर पान फाटलं. मिस्त्रीनं अंगठा दिला.

शेठजींनी कचेरीत खणखणीत शपथ घेतली. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं. पंचांनी काय करावं? काहीच केलं नाही. धंद्यात चालतं, म्हणाले, आणि अध्यक्षपद होतं तिथेच राहिलं. म्हणजे मिस्त्रीच्या त्या पहिल्या अंगठ्याची मुळात गरजच नव्हती. याची मला अजून चीड येते.

शेठजींनी फाडलेलं ते पान मिस्त्रीनं दुसऱ्या दिवशी पुन्हा भट्टीवर धरलं, वितळवलं आणि पूर्ण लांबीचं ओढलं. ते हँबर्गच्या पेटीत गेलं. नव्या दाखल्यावर लिहिलं होतं की, हा माल शेठजींनी स्वतः बनवला.