गालाला लावलेली बॅटरी

चार्जरच्या चिमट्यातून बॅटरी काढली की कोंडाजी गावित ती आधी गालाला लावायचा. डोळे मिटून, दोन श्वास होईपर्यंत. मग ती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, नाहीतर मान हलवून फळीवर निवायला ठेवायचा. सुरगाण्याच्या एसटी स्टँडसमोर जीपगाड्या भरतात त्या कोपऱ्यावर त्याची टपरी होती. दिवसाला तीस-चाळीस मोबाइलच्या बॅटऱ्या त्याच्या हाताखालून जायच्या, आणि त्यातली एकही त्याच्या उजव्या गालाला न लागता गेली नसेल.

बोटांनी का बघत नाही, असं नवा माणूस हमखास विचारायचा. बायको कुसाबाई शेजारीच पाटीत शेंगा घेऊन बसलेली असे. ती म्हणायची, "त्याची बोटं अंबडला राहिली."

ते खोटं नव्हतं. एक्याण्णव साली, लग्न नवं असताना, दोघं डोंगर उतरून नाशिकजवळच्या अंबडला गेली होती. एमआयडीसीच्या मागच्या अंगाला ट्रक-ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्ज करायचं एक पत्र्याचं शेड होतं. तिथे तो दहा वर्षं राबला. ॲसिडने आधी सदरे खाल्ले. कुसाबाई एका रविवारी सदऱ्याला ठिगळ लावायची आणि पुढच्या रविवारी त्या ठिगळाला ठिगळ. मग ॲसिड बोटांवर आलं. कातडी जाड झाली, पिवळी पडली. एकदा तापल्या तव्यावरची भाकरी त्याने बोलता बोलता बोटांनी उचलली आणि ताटात ठेवली. चटका बसल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसलंच नाही. कुसाबाई ती बोटं हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिली. खोकलाही तेव्हापासूनचाच होता, पण खोकला कुणाला नसतो म्हणून त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

शेड बंद पडलं तशी ती दोघं लेकीला, आशाला, घेऊन गावी परतली. चार-पाच वर्षं भातनागली केली. मग सुरगाण्यात टॉवर उभा राहिला आणि पाड्यापाड्यांवर मोबाइल आले. वीज मात्र दिवसातून आठ तासही टिकेना. कोंडाजीने ट्रकची एक जुनी बॅटरी आणली, वीज असेल तेव्हा ती भरून घ्यायची आणि वीज गेली की तिच्यावर मोबाइलच्या बॅटऱ्या भरायच्या, असा उद्योग मांडला. बाजाराला आलेला माणूस मोबाइल खिशातच ठेवायचा, तो सोडून जायला त्याचा जीव होत नसे. नुसती बॅटरी काढून द्यायचा, आणि दिवसभर मुका मोबाइल उराशी घेऊन बाजार फिरायचा.

चिमट्याचे चार्जर आणायला ती दोघं नाशिकला गेली तेव्हा दुकानदाराने कोंडाजीला बजावलं होतं. "दादा, तुमच्या शिशाच्या बॅटरीला जास्त झालं की उकळते, तुम्ही झाकण उघडून पाणी टाकता. ही लिथियमची. हिला झाकण नाही. हिला जास्त झालेलं हिच्या पोटातच राहतं. जेवढं घेते तेवढंच द्या, आणि तापली की काढा."

कोंडाजीने ते देवाच्या शपथेसारखं धरलं. बॅटरीला तीन तास लागायचे, तर तो तीन तास घ्यायचा. हिरवा दिवा लागला तरी लगेच काढायचा नाही. "दिवा लागला म्हंजे पोरगी जेवायला बसली. उठली नाय अजून," म्हणायचा. लोक करवादायचे. स्टँडच्या पलीकडे अर्ध्या तासात भरून देणारा एक जण आला, काही गिऱ्हाइकं तिकडे गेली. महिन्याभरात त्यांच्या बॅटऱ्या फुगल्या आणि ती परत आली. कोंडाजी त्यांना एका शब्दाने बोलला नाही. फुगलेली बॅटरी फळीवर ठेवून बोटाने फिरवून दाखवायचा. ती भिंगरीसारखी गरगर फिरायची. चांगली बॅटरी फिरत नाही, जागेवर बसून राहते.

आशाचं लग्न सुनीलशी झालं, जवळच्याच पाड्यावर. भात आणि नागली घरात आली की सुनीलच्या घरची सगळी माणसं दाराला कडी घालून दिंडोरीकडे द्राक्षबागांवर जायची. पहिल्या वर्षी आशाही गेली. तिथे बागेतच सहाव्या महिन्यात तिचं पोटातलं मूल गेलं. आईबापाला ते बारा दिवसांनी कळलं, जीपमधून परतलेल्या कुणाच्या तरी तोंडून, तेही शेंगा घेता घेता. कोंडाजीने दुसऱ्याच आठवड्यात लेकीला मोबाइल आणून दिला.

पुढच्या वर्षी ती पुन्हा पोटुशी होती आणि पुन्हा निघाली होती. मागे एकटी कुणाच्या जिवावर राहणार? कोंडाजीने तिच्याशी ठरवून टाकलं. रोज संध्याकाळी एक मिस कॉल द्यायचा, म्हणजे सगळं ठीक. तीन मिस कॉल आले की राजू ड्रायव्हरची जीप घेऊन त्याने निघायचं. राजूला त्याने दोनदा विचारून ठेवलं होतं. "काका, तुम्ही हाक मारा, मी चप्पल न घालता येईन," राजू म्हणाला होता.

निघायच्या दिवशी आशा टपरीवर आली ती मोबाइल बंद पडलेला घेऊनच. पाड्यावर दोन दिवस वीज नव्हती.

"बा, हिच्यात जीवच नाय रं."

"सकाळी नाय यायचं?"

"सकाळी भांडी बांधू का तुझ्याकडं येऊ?"

जीप भरत आली होती. टपावर गोधड्या, पातेली, एक कोंबड्यांचं डालगं. राजू हॉर्नवर हात ठेवून बसला होता. अजून तासभर तरी थांब, असं कोंडाजीने त्याला विनवलं. राजू म्हणाला, "काका, पुढं मुकादम उभा हाय. लय तर अर्धा तास."

अर्ध्या तासात काय होणार? कोंडाजी लेकीकडे बघत राहिला. मग त्याने जे कुणासाठी केलं नव्हतं ते केलं. अंबडला निकडीची गाडी आली की करायचे तसं. चार्जर बाजूला सारला, ट्रकच्या बॅटरीवरून दोन वायरी घेतल्या, करंट आवरायला मध्ये एक बल्ब जोडला आणि वायरींची टोकं आशाच्या बॅटरीला थेट लावली. बल्ब पेटला. कुसाबाईला नाशिकच्या दुकानदाराचं बोलणं आठवलं. तिने कोंडाजीकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी हाय ना बसलेला. गाल सांगंल मला."

दर चार-पाच मिनिटांनी तो बॅटरी उचलून गालाला लावत होता. कोमट लागली की थांबायचा, निवली की पुन्हा वायरी लावायचा. जीपमध्ये भागीबाई बसली होती, सुनीलची चुलती, जिभेची तिखट. अर्धा तास होत आला तशी ती मान बाहेर काढून ओरडली, "ओ कोंडाजी, बॅटरीचा मुका घेऊन झाला आसंल तर लेकीला सोडा की!"

अख्खी जीप हसली. राजू हसला. आशा पदराआड हसली. आणि कुसाबाई हसली, सगळ्यांत मोठ्याने, हातातल्या शेंगा पाटीत सांडेपर्यंत.

कोंडाजी ओशाळला. त्यानंतर त्याने बॅटरी गालाला लावली नाही. बोटांनी चाचपत राहिला. राजूने शेवटचा हॉर्न दिला तेव्हा बोटांनीच बॅटरी काढली, बोटांनीच आशाच्या हातात दिली.

"ऊन लागते रं," आशा म्हणाली.

"उन्हात बसलोय, दुसरं काय." त्याने दामटून सांगितलं.

तिने बॅटरी मोबाइलमध्ये बसवली. पडद्यावर सगळ्या काड्या उभ्या राहिल्या. "बा, फुल्ल!" ती चालत्या जीपमधून ओरडली.

पहिल्या संध्याकाळी मिस कॉल आला. दुसऱ्या संध्याकाळीही आला. तिसऱ्या दिवशी आला नाही. कोंडाजीने लावून पाहिला, तर तो मोबाइल बंद असल्याचं एक बाई सांगत होती.

"बॅटरी उतरली आसंल," तो म्हणाला.

"तू भरून दिल्याली. दोन दिवसांत कशी उतरंल?" कुसाबाईने सहज विचारलं. तो चार दिवस त्या बाईचं बोलणं ऐकत राहिला, दिवसातून दहादा. सातव्या दिवशी सकाळी राजूला म्हणाला, चल, आपण जाऊनच येऊ. राजू गाडीत डिझेल भरत होता तेवढ्यात उलट्या दिशेने एक जीप आली आणि तिच्यातून सुनील उतरला. एकटा.

दुसऱ्या रात्रीच मोबाइलचं मागचं झाकण आपोआप वर आलं होतं. मग तो बंद पडला. मोबाइल बिघडला म्हणून आशाने तो पिठाच्या डब्यात ठेवून दिला. पाचव्या दिवशी सकाळी बागेत तिला रक्त जायला लागलं. मालक गावाला गेलेला. शेजारच्या बागेतल्या एकाकडे मोबाइल होता, त्याने दिलाही. पण कोंडाजीचा नंबर आशाच्या मोबाइलमध्ये होता आणि आशाला पाठ होता. सुनीलला नव्हता. आशा तेव्हा शुद्धीवर नव्हती. दुपारी भाजीचा एक टेम्पो मिळाला. दवाखान्याच्या फाटकाशी पोचेपर्यंत ती गेली होती. पोटातलंही गेलं.

फोन आला असता तर राजूची जीप वेळेत पोचली असती का, हे डॉक्टरला कुणी विचारलं नाही. कुसाबाईला विचारायचं होतं. तिने विचारलं नाही.

सुनीलने पिशवीतून मोबाइल काढला आणि सासऱ्यापुढे धरला. "मामा, हा तुमचा."

कोंडाजीने बॅटरी बाहेर काढली. ती मध्ये टम्म फुगली होती. त्याने ती फळीवर ठेवली नाही, फिरवून पाहिली नाही. गालाला लावली. टपरीसमोर माणसं उभी होती, भागीबाईच्या पाड्यावरचीही होती, कुणी हसलं नाही. दोन श्वासांचे चार झाले, चाराचे दहा. अखेर कुसाबाईने त्याचा हात धरून खाली घेतला.

त्या आठवड्यात त्याने ज्याच्या त्याच्या बॅटऱ्या परत केल्या. काही लोक बागांवर गेले होते, त्यांच्या बॅटऱ्या त्यांच्या घरांच्या बंद दारांत, कडीला चिंधीत बांधून ठेवून आला. चार्जर विकले नाहीत, कुणाला दिलेही नाहीत. ट्रकची बॅटरी अंगणात उन्हापावसात पडून राहिली. त्याने कुसाबाईला कधी दोष दिला नाही, त्या हसण्याचा विषयही काढला नाही. काढला असता तर तिला बरं वाटलं असतं. एकदा नागली निंदताना ती आपणहून म्हणाली, "मी हसाया नको व्हतं." तो वाकलेला होता. वर न बघता म्हणाला, "माझी बोटं मला ठावं व्हती." आणि पुढची ओळ धरली.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. बोलायचा तो, पण कामापुरतं. अंबडचा खोकला छातीत घट्ट होत गेला. दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी त्याला अंथरुणावरून उठवेना. सरकारी दवाखान्यातून औषधं आणली, ती उशाशी तशीच राहिली. कुसाबाई सकाळ-संध्याकाळ त्याला तांदळाची पेज पाजायची.

शेवटच्या दिवशी सकाळी तिने चुलीवरून पेज उतरवली, वाटीत ओतली आणि त्याला भिंतीला टेकवून बसवलं. बाहेर ऊन पडलं होतं. पेज निवण्याआधीच तिने वाटी त्याच्या ओठांशी नेली. त्याच्या पोटात काहीतरी जावं एवढंच तिला दिसत होतं. त्याने हळूच वाटी तिच्या हातातून घेतली आणि उजव्या गालाला लावली. डोळे मिटले. दोन श्वास झाले.

"थांब कुसा," तो म्हणाला. "गरम हाय अजून. राहू दे जरा."